मागच्या बस्करावर

ऑगस्टातला पाऊस पत्र्यावर असा वाजत होता की सरांना दर दोन वाक्यांनी थांबावं लागत होतं. तिसरीचा वर्ग. पट १९, हजर १४. लावणी आटोपत आली होती, तरी पाच पोरं अजून शेतावर होती, नाहीतर तापानं घरी. मी सगळ्यात मागच्या बस्करावर भिंतीला टेकून बसले होते. शेजारी दोन वेण्या घातलेली एक मुलगी. सरांनी फळ्यावर उभी मांडणी केली, ४२ वजा १७, आणि म्हणाले, "काढा बरं पटपट."

शेजारणीनं झटक्यात ३५ लिहिलं आणि हाताचा आडोसा केला. तिच्या पलीकडच्या मुलीचंही ३५ आलं होतं. बघून लिहिलेलं नव्हतं, तिनं स्वतःच काढलं होतं. पुढच्या दोन ओळींतून "सर मी, सर मी" सुरू झालं. सरांनी पहिल्या ओळीतल्या मुलाला उठवलं. तो म्हणाला, "पंचवीस." सर म्हणाले, "शाब्बास! सगळ्यांचं पंचवीस आलं का?" अख्खा वर्ग ओरडला, "होऽऽ." त्यात माझी शेजारीणही ओरडली, आणि ओरडता ओरडताच तिनं तळव्यानं ३५ पुसलं, फळ्याकडे बघून २५ लिहिलं आणि पाटी मांडीवर नीट ठेवली. सर ओळींमधून फिरत मागं आले, तेव्हा चौदाच्या चौदा पाट्यांवर २५ होतं. त्यांनी समाधानानं माझ्याकडे पाहिलं.

सरांची फसवणूक कुणी केली नव्हती आणि सर कामचुकार तर अजिबात नव्हते. नोकरीला चौथं वर्ष, पोरांवर जीव, फळ्यावरचं अक्षर टपोरं. त्यांना दिसलं ते खरंच होतं. फक्त ते पुसणं त्यांना दिसलं नव्हतं, कारण ते ज्या ठिकाणी उभे होते तिथून ते दिसतच नाही. सोळा वर्षं मी स्वतः तिथंच उभी होते. माझ्या वर्गात अशी किती ३५ पुसली गेली असतील, हा विचार त्या दिवशी परतीच्या वाटेवर गाडी चालवताना डोक्यातून जाईना.

मी केंद्रप्रमुख आहे. ज्यांचा जिल्हा परिषदेच्या शाळांशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते: आसपासच्या दहा-बारा शाळांचं मिळून एक केंद्र होतं आणि त्या केंद्राला एक केंद्रप्रमुख असतो. १९९४ साली ही पदं निर्माण झाली. राज्यात अशी ४,८६० केंद्रं आहेत. माझ्याकडे बारा शाळा आहेत, त्यातल्या आठ द्विशिक्षकी. पहिलीपासून चौथीपर्यंत चार वर्ग आणि दोन शिक्षक. या पदामागची मूळ कल्पना मला आजही फार चांगली वाटते. शिक्षकांतूनच आलेला, वर्ग शिकवून माहीत असलेला एक माणूस, जो मोटारसायकलवर किंवा स्कूटरवर महिन्यात प्रत्येक शाळेत पोचू शकेल आणि शिकवणाऱ्याच्या जवळ बसू शकेल.

याला इंग्रजीतून आलेला शब्द कोचिंग. आपल्याकडे तो उच्चारला की लोकांना क्लासच आठवतात, लातूरचे नाहीतर कोट्याचे. शासकीय कागदावर त्यासाठी 'मार्गदर्शन' किंवा 'सनियंत्रण' असतं. मला दोन्ही शब्द जवळचे वाटत नाहीत. मार्गदर्शन म्हटलं की एकाला रस्ता ठाऊक आहे आणि दुसरा चुकलाय असं होतं. सनियंत्रणाबद्दल तर बोलायलाच नको. आमच्याकडे रात्री कुणाला रानातून पलीकडच्या वाडीवर जायचं असेल तर दुसरा "चल, सोबतीला येतो" म्हणून निघतो. रस्ता दोघांना सारखाच माहीत असतो. मी मनात तोच शब्द धरला आहे, सोबत.

पण शाळेत बाहेरून येणाऱ्या माणसाची आपली परंपरा सोबतीची नाही. माझे आजोबा शाळामास्तर होते. त्यांच्या तोंडी 'दिपोटी' हा शब्द असायचा. डेप्युटी इन्स्पेक्टरचं गावानं केलेलं मराठी रूप. दिपोटी येणार म्हटलं की शाळा शेणानं सारवायची, पोरांना धुतलेले कपडे घालून बोलवायचं, हुशार पोरं पुढं बसवायची आणि मठ्ठ ठरवलेल्यांना त्या दिवशी घरी ठेवायचं. दिपोटी गेले, साहेब आले. एवढाच फरक.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक साहेब माझ्या वर्गात आले. खुर्चीवर बसले. माझं टाचण पाहिलं, हजेरी पाहिली, दोन मुलांना सतराचा पाढा विचारला. एकाला आला, एकाला आला नाही. मी तेव्हा पहिलीच्या मुलांना जोडाक्षरं शिकवण्यासाठी चिठ्ठ्यांचा एक खेळ तयार केला होता, रात्री जागून. तो खेळ समोर मांडलेला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. शेरेपुस्तकात लिहून गेले, "पाढ्यांकडे लक्ष द्यावे. अध्यापनात सुधारणेस वाव." अठरा मिनिटं. मी घड्याळ पाहिलं होतं. वाव कुठं आहे, हे ते सांगून गेले असते तर मी त्यांचे पाय धरले असते. मला खरंच हवं होतं कुणीतरी सांगणारं. त्या वर्षी तो चिठ्ठ्यांचा खेळ मी पेटीत टाकला आणि पाढे पाठ करून घेत राहिले.

म्हणून केंद्रप्रमुख झाले तेव्हा ठरवलं होतं की आपण तसं करायचं नाही. आणि पहिल्याच वर्षी मी त्याहून वाईट केलं. एका बाईंच्या वर्गात बसले होते. त्या भाग देताना अडखळल्या, मुलं गोंधळली. मला राहवलं नाही. उठले, त्यांच्या हातातला खडू घेतला आणि म्हटलं, "थांबा, मी दाखवते." वीस मिनिटं मी छान शिकवलं. पोरं हसली, बोलली. वळून पाहिलं तर बाई दाराशी उभ्या होत्या, साडीचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून, आपल्याच वर्गात पाहुण्यासारख्या. दुसऱ्या दिवशी त्या पोरांपुढं पुन्हा त्यांनाच उभं राहायचं होतं. मी काय काढून घेतलं होतं ते मला कळलं. नंतर मी माफी मागितली आणि त्यांनी मोठ्या मनानं ती दिली. पण पुढची दोन वर्षं मी वर्गात आले की त्यांचा आवाज बारीक व्हायचा. कुणाच्याही हातातून खडू घ्यायचा नाही, हा नियम त्यानंतरचा.

आता त्या ३५ कडे परत येते.

सुट्टीत खिचडी वाटून झाल्यावर सर आणि मी ओट्यावर बसलो. मी सरांना एवढंच सांगितलं की मागच्या दोघींचं आणि मधल्या ओळीतल्या एका मुलाचं आधी ३५ आलं होतं, मग त्यांनी पुसून २५ लिहिलं. सर गप्प झाले. त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. मी विचारलं, "३५ कसं आलं असेल?" ते म्हणाले, "हातचा घ्यायला विसरली असतील." मी म्हटलं, "विसरून ३५ कसं येईल, मांडून बघू या." त्यांनी बोटानं ओट्यावरच्या धुळीत मांडलं. चारातून एक, तीन. मग थांबले. "मॅडम, यांनी दोनातून सात नाही, सातातून दोन काढले. लहान आकडा मोठ्यातून. उलटं." आणि पुढं स्वतःच म्हणाले, "म्हणजे यांना मी 'मोठ्यातून लहान वजा करायचं' असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तेच त्यांनी केलं."

हे वाक्य मी त्यांना सांगितलं असतं तर ते एक शेरा झालं असतं. चूक मूर्खपणाची नव्हती, तिच्यात नियम होता आणि तो नियम शिक्षकाच्याच तोंडून आलेला होता. ज्याला हे एकदा स्वतः दिसतं तो शिक्षक पुन्हा नुसती फुली मारून पुढं जाऊ शकत नाही.

यात आणखी एक गाठ आहे. ४२ वाचताना आपण 'बेचाळीस' म्हणतो, म्हणजे दोन आधी उच्चारतो आणि लिहितो मात्र चार आधी. दुसरी-तिसरीतली कितीतरी मुलं बेचाळीस ऐकून २४ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'तीस दोन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा मोठा गदारोळ झाला. मराठीची मोडतोड म्हणून लोक चिडले. पाटीवर २४ लिहून गोंधळलेल्या पोराशेजारी ज्यांनी बसून पाहिलं आहे त्यांना त्या बदलामागची तळमळ कळेल, मग पद्धत पटो न पटो.

आम्ही त्या दिवशी एकच गोष्ट ठरवली. फळ्यावर उत्तर लिहिण्याआधी सगळ्यांनी पाट्या उलट्या करून सरांना दाखवायच्या आणि सरांनी चूक-बरोबर काही न बोलता दोन वेगळी उत्तरं निवडून दोघांना विचारायचं, "तू कसं काढलंस?" त्या पलीकडे काही नाही. माझ्या वहीत त्यांच्या तासाबद्दल अकरा नोंदी होत्या. दहा मी तिथंच ठेवल्या. अकरा गोष्टी एकदम ऐकलेला माणूस घरी जाऊन झोपतो. एक ऐकलेला उद्या करून बघतो.

आठ दिवसांनी परत गेले. सरांनी आगकाडीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून केले होते. पाट्या वर आल्या, तीन ठिकाणी उलटी वजाबाकी. सरांनी माझ्या शेजारणीला विचारलं, "तू कसं काढलंस?" ती गप्प. सर लगेच म्हणाले, "सांग ना, घाबरू नको. बरं, दुसरं कोण सांगेल?"

सुट्टीत मी त्यांना विचारलं, तिला किती वेळ दिला असेल? ते म्हणाले, "पाच-सहा सेकंद तरी." मी मोबाइलवर मोजलं होतं, जेमतेम दीड. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन विज्ञानशिक्षण संशोधक होत्या. १९७०च्या दशकात त्यांनी वर्गांतल्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून ऐकून हे मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प राहणं कमी होतं आणि ज्यांना कच्ची म्हणून बाजूला ठेवलेलं असतं ती मुलं बोलू लागतात. सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि मनात तीन मोजले. "बाप रे," म्हणाले, "फार लांब वाटतं."

लांब वाटतंच. गप्प वर्ग शिक्षकाला भीती घालतो, त्यातून मागं कुणी बाहेरचं बसलेलं असेल तर अधिकच.

तिसऱ्या भेटीत ते थांबले. मागं हात बांधून, खाली फरशीकडे बघत. मला त्यांच्या बोटांची हालचाल दिसत होती. एक, दोन, तीन. मुलीनं आवंढा गिळला आणि म्हणाली, "दोनातनं सात जात नाय, म्हणून मी सातातनं दोन काढलं." सरांनी तिच्यापुढं चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. "यातल्या सतरा मला दे." तिनं आधी एक गठ्ठा दिला. मग दोन सुट्या काड्या दिल्या. अजून पाच हव्या होत्या. ती काड्यांकडे बघत बसली, बरीच. मग तिनं वर सरांकडे पाहिलं, "सर, रबर काढू?"

मी अकरा वर्षं या पदावर आहे. "रबर काढू?" हे ऐकायला मी दर भेटीला पाऊस-चिखल तुडवत गेले असते.

प्रशिक्षणं आम्हाला कमी नाहीत. तालुक्याच्या हॉलमध्ये साठ-सत्तर शिक्षक, पडद्यावर सरकत्या पाट्या, मधे चहा, शेवटी हजेरीची सही. नव्या शैक्षणिक धोरणानं, २०२०च्या, प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. त्यात शिकवलं जातं तेही बहुतेक वेळा चांगलंच असतं. पण ते हॉलमध्येच राहतं. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन शिक्षण-संशोधकांनी १९८०च्या सुमारासच हे मांडलं होतं: शिक्षक नवी रीत ऐकून, पाहून, सराव करून शिकतो खरा, पण ती त्याच्या वर्गात मुरायची तर वर्गातच कुणीतरी सोबत लागतं. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात २०१५पासून एक मोठा प्रयोग झाला. तिथल्या मुलांना त्यांच्या सेत्स्वाना भाषेत वाचायला शिकवायचं होतं. शिक्षकांच्या दोन गटांना पाठाचे तयार आराखडे आणि पुस्तकं एकसारखीच दिली. एका गटाला एकत्र बोलावून प्रशिक्षण दिलं, दुसऱ्या गटाच्या वर्गात जाणती माणसं नियमित जाऊन बसली. दोन वर्षांनी, ज्यांच्या वर्गात कुणी जाऊन बसत होतं त्यांच्या मुलांचं वाचन जवळपास दुपटीनं अधिक सुधारलेलं होतं.

आपल्या मातीत याचं मूळ फार जुनं आहे असं मला वाटतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ला बोर्डीत काम सुरू केलं, पुढे कोसबाडला. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावर नेली आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात. मुलाच्या बाबतीत हे आपल्याला पटलं. शिक्षकाला मात्र आपण अजून हॉलमध्येच बोलावतो.

आता तक्रार. माझ्या महिन्यातले वर्गात बसण्याचे दिवस मी गेल्या वर्षी मोजले. बहुतेक महिन्यांत पाच. काही महिन्यांत दोन. उरलेले दिवस माहितीचे. यू-डायस म्हणजे शाळांच्या माहितीची सरकारी नोंद, आधार जुळणी, गणवेशाचा हिशेब, पोषण आहाराचा साठा, शौचालयाचे फोटो आणि सकाळी साडेनऊला मोबाइलच्या गटावर येणारा निरोप, "माहिती आजच १२ वाजेपर्यंत, विलंबास केंद्रप्रमुख जबाबदार." शेजारच्या केंद्राची जागा रिकामी आहे, तिचा अतिरिक्त कार्यभारही माझ्याकडेच. म्हणजे चोवीस शाळा. भेट द्यायची तरी फॉर्म असतो. शाळेच्या आवारातून स्थान नोंदवायचं, चाळीस प्रश्नांना हो-नाही करायचं, फोटो चढवायचा. त्या चाळीसांत 'पाटीवर आधी काय लिहिलं होतं' हा प्रश्न नाही. तो फॉर्म भरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मुलीनं पाटी पुसलेली असते.

मॅथ्यू क्राफ्ट या अमेरिकन शिक्षण-संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली शिक्षकाला अशी सोबत करण्याच्या कामावरचे ६० अभ्यास एकत्र करून पाहिले. शिक्षकाचं शिकवणं सुधारतं आणि मुलांचं शिकणंही, हे त्यात दिसलं. पण योजना मोठी होत गेली की गुण उतरत जातो, हेही दिसलं. वाचताना मला आश्चर्य वाटलं नाही. मोठी योजना मोजता येणाऱ्या गोष्टींवर चालते आणि भेट मोजता येते. बसणं मोजता येत नाही. सरकारनं माझ्यासारख्यांना निदान आठवड्यातले तीन दिवस फोन बंद ठेवून वर्गात बसू द्यावं. नवं काही नको, पद आहे, माणूस आहे, शाळा आहे. ज्या कामासाठी हे पद काढलं ते करू द्या, एवढंच मागणं आहे आणि ते मी प्रत्येक बैठकीत मांडत राहणार आहे.

त्याच शाळेत दुसरे शिक्षक आहेत. गुरुजी म्हणतात सगळे त्यांना, अठ्ठावीस वर्षं नोकरी. पहिल्या भेटीत त्यांनी मला दारातच विचारलं होतं, "मॅडम, बघायला आलात की तपासायला?" मी म्हटलं, "गुरुजी, आधी तुम्ही मला बघा." त्यांच्याच चौथीला मी परिसर अभ्यासाचा पाठ घेतला आणि त्यांना मागं बसवून सांगितलं, मी कुणाला प्रश्न विचारते तेवढं लिहा. तास संपल्यावर त्यांनी वही पुढं केली. एकतीस प्रश्न. बावीस पुढच्या दोन ओळींना. खिडकीकडच्या ओळीला एकही नाही. मी तो कागद मागून घेतला, अजून माझ्या पिशवीत आहे. गुरुजी थोडं थांबून म्हणाले, "माझं याहून वेगळं नसेल. या एकदा, मोजा." अठ्ठावीस वर्षांत त्यांचा पूर्ण तास कुणी पाहिला नव्हता. आणि शेजारच्याच खोलीत शिकवणाऱ्या तरुण सरांनी त्यांना, त्यांनी सरांना कधी शिकवताना पाहिलं नव्हतं. द्विशिक्षकी शाळेत ते शक्यच नसतं. एक पाहायला गेला तर त्याचे दोन वर्ग सांभाळणार कोण?

ते मी करू शकते, हे सुचायला मला अकरा वर्षं लागली.

गेल्या महिन्यात गेले, पिशवी ठेवली आणि सरांचे दोन्ही वर्ग ताब्यात घेतले. सर वही घेऊन गुरुजींच्या वर्गात गेले. मधल्या भिंतीला दार आहे, ते उघडंच होतं. मला तिथून गुरुजींचा आवाज येत होता आणि मागच्या बस्करावर मांडी घालून बसलेले सर दिसत होते, शेजारी दोन वेण्यांची मुलगी. ती आता चौथीत आहे. सर फळ्याकडे बघत नव्हते. तिच्या पाटीकडे बघत होते.

घंटा झाली. दोघं नळाशी हात धुवायला गेले. मी फळा पुसत होते, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"गुरुजी, तो दारापाशी बसतो ना, त्यानं भागाकार तुमच्या आधी सोडवला. मग तुम्ही लिहिलेलं बघून आपला बरोबरच पुसला."

"बरोबर होता?"

"बरोबर होता. मांडणी वेगळी होती, म्हणून."

नळ बराच वेळ वाहत राहिला. मग गुरुजींचा आवाज आला, "उद्याही बसता का? मॅडमना विचारा, उद्या जमतंय का त्यांना."